उभं आयुष्य एकटीने

२ नोव्हेंबर, गुरुवार

हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलंय, राग गिळू नका, लिहून काढा. मीही डॉक्टर आहे, दातांचा का होईना, त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरचं ऐकायची मला सवय नाही. पण आजचं लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

संध्याकाळी स्मारक समिती घरी येऊन गेली. कसलं स्मारक? तर हिच्या पहिल्या नवऱ्याचं. तो आरमारात लेफ्टनंट होता. लढाईत त्याचं जहाज बुडालं, त्याला या महिन्याच्या तीस तारखेला पन्नास वर्षं होतील. लग्नाला तेव्हा सव्वा वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्याच दिवशी धक्क्यावर त्याचा पुतळा बसणार, मंत्री येणार, आणि पडदा हिच्या हातून उघडणार.

समितीचे अध्यक्ष म्हणजे बंदरावरच्या गोदामांचे मालक. त्यांच्या तोंडातला डावीकडचा दातांचा पूल मी बांधलेला आहे, आणि त्याच पुलावरून ते आज माझ्या घरची बिस्किटं आत सोडत होते. बरोबर रेडिओवर निवेदन करणारे एक गृहस्थ. आवाज असा, की ‘साखर किती?’ असं विचारलं तरी कुणीतरी गेल्यासारखं वाटावं. दोघंही हिच्याशी बोलत होते. माझ्याकडे फक्त रिकामे कप दिले.

मग अध्यक्ष मला गॅलरीत घेऊन गेले. म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही समजूतदार आहात.”

ज्या बोलण्याची सुरुवात अशी होते त्याचा शेवट कधी चांगला होत नाही, हे मला ठाऊक आहे, चाळीस वर्षं दवाखान्यात मी स्वतः तशीच सुरुवात केलीय.

“वहिनी वीरपत्नी म्हणून स्टेजवर बसतील. तुम्ही शेजारी दिसलात तर लोकांचा उगाच घोटाळा होईल. तुमची तिसऱ्या रांगेत सोय केली आहे. पंख्याखाली.”

मी काही बोलायच्या आत पाठीवर थाप मारून आत गेले. ते गेल्यावर त्यांनी ठेवलेली पुस्तिका वाचायला घेतली. चौथ्या पानावर, ठळक अक्षरात: ‘पतीच्या स्मृतींच्या सोबतीने त्यांनी उभं आयुष्य एकटीने काढलं.’

एकटीने. मी तिला विचारलं, “पंचेचाळीस वर्षं मी या घरात राहतोय तो काय भाडेकरू म्हणून?”

ही कप विसळत होती. म्हणाली, “अहो, जाऊ द्या. त्यांना कागदावर चांगलं दिसायला हवं असतं.”

जाऊ द्या म्हणे. नाकाशी सूत धरायची वेळ आली की जाऊ द्यायचं काय आणि ठेवायचं काय.

४ नोव्हेंबर, शनिवार

मुलगी आली होती. तिची गाडी शिकवायची शाळा आहे, त्यामुळे ती कधी घाबरत नाही आणि कधी हळू बोलत नाही. तिने पुस्तिका उभ्याउभ्या वाचली.

“आईने उभं आयुष्य एकटीने काढलं. मग मी कुठून आले? हवेतून?”

मी म्हटलं, “विचार तुझ्या आईला. तिला चालतंय म्हणे.”

तिने तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. त्यांनी काय सांगावं? “ताई, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण त्या दिवशी तुम्ही नाही आलात तर बरं. वातावरण जरा गंभीर ठेवायचं आहे.” मुलीने सांगितलं, “मी येणार, आणि छतावर शाळेची पाटी असलेल्या गाडीतून येणार.” फोन ठेवून ती पोट धरून हसत सुटली. मला हसू आलं नाही. माणसाला त्याच्या हयातीत खोडून टाकतात आणि त्याच्याच मुलीला ते विनोदी वाटतं.

ही आतल्या खोलीत होती. शिवणयंत्राच्या वर त्याचा फोटो आहे, त्याच्यासमोर नुसती उभी. मला पाहिल्यावर म्हणाली, “फोटो पुसायला झालाय.” मागच्या रविवारी तर पुसला होता. हिचा खांदा वर जात नाही म्हणून तो मीच पुसतो. लोकांचे नवरे रविवारी स्वतःची गाडी पुसतात.

७ नोव्हेंबर, मंगळवार

पुस्तिका पूर्ण वाचली. हा माणूस कोण, मला कळलं नाही. ‘भय हा शब्द त्यांना ठाऊकच नव्हता.’ ‘शेवटच्या क्षणी आपलं जीवनरक्षक जाकीट एका खलाशाला देऊन, डेकवर ताठ उभे राहून सलाम करत त्यांनी सागराला मिठी मारली.’

मी त्या माणसाच्या तोंडात तीनदा हात घातलेला आहे. नवा दवाखाना टाकला होता मी, पेशंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हा आला, पांढऱ्या गणवेशात, गाल सुजलेला. खुर्चीत बसला आणि सुई दिसल्याबरोबर त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. खुर्चीचे हात असे धरले की बोटांची पेरं पांढरी पडली.

“डॉक्टर, दुखणार नाही म्हणून सांगा. खोटं का होईना.”

मी म्हटलं, “दुखेल.”

त्याने एक डोळा उघडला. “तुमच्यासारखा एक माणूस आमच्या मुख्यालयात हवा होता.”

तोंडात कापूस असताना विनोद सांगणारा मी पाहिलेला तो एकमेव पेशंट. एक शब्द कळत नव्हता, तरी मी हसलो होतो. तिसऱ्या खेपेला म्हणाला, बायकोला दात दाखवायला पाठवतो, ती माझ्याइतकी भित्री नाही. मग लढाई लागली.

ही आली ती त्यानंतर तीन वर्षांनी. अक्कलदाढ. खुर्चीत बसल्याबसल्या म्हणाली, “हे म्हणायचे, तुम्ही खोटं बोलत नाही.” पुढचं सगळं तिथून. लग्न केलं तेव्हा गाव मला आयत्या बिळावर नागोबा म्हणालं. तेही मी ऐकून घेतलं.

भय हा शब्द ठाऊक नव्हता म्हणे. लेखकाला खुर्चीत बसवून सुई दाखवली पाहिजे.

११ नोव्हेंबर, शनिवार

ही हल्ली दुपारी बाहेर जाते. सोमवारी गेली, बुधवारी गेली, आजही. विचारलं तर म्हणते, जुन्या शाळेतल्या बाईंकडे. ही शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, तिथल्या बायका अजून भेटतात, ते खरं. पण त्या बाई सकाळी मला बेकरीत भेटल्या, आणि उलट मलाच विचारलं, “मॅडम बऱ्या आहेत ना? महिना झाला, फिरकल्या नाहीत.”

“बरी आहे,” म्हटलं आणि पाव घेऊन घरी आलो.

समितीच्या कचेरीत जात असणार. स्टेजवर कसं उभं राहायचं, कपडे कुठले घालायचे, याची तालीम. त्र्याहत्तराव्या वर्षी. हौस असेल तर माझी ना नाही. पण खोटं कशाला बोलायचं? माझ्याशी लग्न केलं ते मी खोटं बोलत नाही म्हणून, आणि आता स्वतः बोलते.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

मुलीला आज तिच्या गाडीत सरळ विचारलं. गाडी चालवणारी माणसं खोटं बोलायच्या वेळी रस्त्याकडे जास्त लक्ष देतात. तिने तसंच केलं. मग गाडी बाजूला घेतली.

“बाबा, मीच सोडते आईला. ती खलाशांच्या निवासात जाते. गावाबाहेर, जुन्या दीपगृहापाशी. तिथे एक आजोबा आहेत, त्या जहाजावरचे. इंजिनात कामाला होते. त्या दिवशी वाचले. पुतळ्याची बातमी वाचून त्यांनी आईला निरोप पाठवला.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“तुम्हाला त्रास होईल म्हणून.”

म्हणजे मी काचेचं भांडं. समिती मला पंख्याखाली ठेवते आणि या दोघी मला कापसात. मी म्हटलं, गाडी वळव. म्हणाली, आज नाही, आज आई घरी वाट बघत असेल. घरी आलो तर ही खरंच वाट बघत होती. मला पाहिलं आणि तिला समजलं.

“गुरुवारी तुम्हीही चला,” एवढंच म्हणाली.

रागवायची सगळी तयारी करून आलो होतो. ती तशीच राहिली.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

जाऊन आलो. जसं ऐकलं तसं लिहितो.

निवासातली खोली लहान, खिडकी मोठी. खलाशीबुवा माझ्याच वयाचे, पण पाठीत वाकलेले. कवळी इतकी ढिली की प्रत्येक शब्दाला खाली येते, त्यामुळे तोंडावर हात ठेवून बोलतात. मला वाटलं, माझी ओळख करून देताना ही अडखळेल. हिने सरळ सांगितलं, “हे माझे यजमान.” बुवांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही.

“सांगा ना पुन्हा,” ही म्हणाली.

“आदल्या महिन्यात कुणी बडे साहेब पाहणीला यायचे होते,” बुवा सांगू लागले. “मग काय, वरपासून खालपर्यंत जहाज रंगवलं. जीव वाचवायचे तराफे ज्या लोखंडी खिट्ट्यांनी अडकवलेले असतात ना, त्याही रंगवल्या. लेफ्टनंट साहेब कप्तानांशी भांडले. म्हणाले, रंग वाळला की खिट्ट्या चिकटतील, वेळेला तराफा सुटायचा नाही. कप्तानांनी सांगितलं, पाहणी होऊ द्या, मग खरवडू. पाहणी झाली आणि दोन दिवसांत लढाई. खरवडायचं राहूनच गेलं.”

टॉर्पेडो लागला तेव्हा भर दुपार होती. लोक जेवायला बसले होते. जहाज एका बाजूला कलायला लागलं, माणसं तराफ्यांकडे धावली, आणि एकही खिट्टी हलेना.

“साहेब हातोडा घेऊन आले. तोंडाने शिव्या. अशा शिव्या की आम्ही इंजिनवाले, पण आम्हाला लाज वाटावी. पहिली खिट्टी तोडली, तराफा गेला. दुसरी तोडली. मी दुसऱ्यावर होतो.”

मी विचारलं, “आणि सलाम?”

बुवांनी तोंडावरचा हात काढला. “सलाम करायला हात मोकळा कुठे होता त्यांचा?”

मग म्हणाले, “घाबरले होते. चेहरा कागदासारखा. हातोडा दोनदा हातातून निसटला. मी खालून ओरडलो, साहेब, उडी मारा. ते म्हणाले, ‘थांब रे, अजून एक आहे.’ आणि तिकडे वळले.”

“मग?”

“मग जहाज कुशीवर आलं.”

बुवा बोलत होते तेव्हा हिचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. सगळं पाठ झालंय हिला. पण ‘अजून एक आहे’ या जागेला ही उठली आणि खिडकीचा पडदा सारखा करायला लागली. पडदा सारखाच होता. ऐकवत नसेल. ऐकवत नाही तर पुन्हा पुन्हा सांगायला का लावते, मला समजलं नाही.

घरी आल्यावर आतल्या खोलीत गेलो. फोटोत तो हसतोय, पुढचा एक दात किंचित वाकडा. इतकी वर्षं मी त्याच्यावर मनातल्या मनात चिडत आलो, मेलेल्या माणसाशी कुणाला बरोबरी करता येत नाही म्हणून. आज पहिल्यांदा त्याच्या वतीने चिडलो. भित्रा माणूस होता. सुई बघून डोळे मिटणारा. आणि तो हातोडा घेऊन तिसऱ्या खिट्टीकडे गेला. याहून मोठं त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काय आहे? आणि नेमकं तेच पुसून हे त्याला सलाम ठोकत उभा करणार.

१९ नोव्हेंबर, रविवार

धक्क्यावर फिरायला गेलो होतो. पुतळा गोणपाटात गुंडाळून ठेवलाय. आणि मंत्री येणार म्हणून सगळे कठडे रंगवताहेत. कठड्याला लावलेल्या लाल रबरी कड्या असतात ना, माणूस पाण्यात पडला तर टाकायच्या, त्यांच्या दोऱ्यांवरही ब्रश फिरवलेला. कडी आणि खांब मिळून एक गोळा.

मी मुकादमाला म्हटलं, “ही कडी काढून दाखवा.”

“ओला रंग आहे, आजोबा.”

“वाळल्यावर निघेल?”

“कशाला काढायची? कार्यक्रम होऊ द्या, मग बघू.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या माणसाला काय काय बोललो, आठवत नाही. बिचारा टोपी काढून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “आजोबा, तुमचं कोणी बुडालंय का?”

मी हो म्हटलं. तोंडातून निघून गेलं. कोटाच्या बाहीला रंग लागलाय, तो निघायचा नाही.

२२ नोव्हेंबर, बुधवार

बुवांना घेऊन आम्ही अध्यक्षांच्या कचेरीत गेलो. मी, मुलगी आणि बुवा. ही आली नाही. म्हणाली, “तुम्ही बोला, तुम्हाला चांगलं जमतं.”

अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. रेडिओवाले गृहस्थ मध्ये मध्ये डोळे मिटत होते.

“डॉक्टर,” अध्यक्ष म्हणाले, “रंग, खिट्ट्या, शिव्या... हे कार्यक्रमात कसं घ्यायचं? मंत्री त्याच खात्याचे आहेत.”

“म्हणून तर घ्यायचं.”

“लोकांना प्रेरणा हवी असते हो.”

मुलगी म्हणाली, “घाबरलेला माणूस दोन तराफे सोडवतो, यात प्रेरणा नाही?”

रेडिओवाले म्हणाले, “ताई, पुतळ्याचा हात सलामात आहे. तो आता कसा बदलणार?”

म्हणजे पुतळ्याचा हात बदलता येत नाही म्हणून माणसाचं मरण बदलायचं. बुवा काहीतरी बोलायला गेले आणि कवळी खाली आली. अध्यक्षांनी नजर वळवली. म्हणाले, “आजोबांना त्रास देऊ नका. स्टेजवर असं काही झालं तर बरं दिसणार नाही.”

मी म्हटलं, “ज्या तोंडाने तुम्ही हे बोलता ते मी दुरुस्त केलेलं आहे, याचं मला वाईट वाटतं.” आणि बाहेर आलो. जिना उतरताना एक पायरी चुकलो. रागाने. बहुधा.

बुवांना तडक दवाखान्यात नेलं. दहा वर्षांनी खुर्चीवरचं कापड काढलं. माप घेतलं, कवळी आतून भरली, घासली, पुन्हा बसवून बघितली. संध्याकाळ झाली. शेवटी बुवांनी तोंडावर हात न ठेवता आरशात बघितलं आणि एक शिवी दिली. स्पष्ट, खणखणीत.

“ही साहेबांची,” म्हणाले.

२९ नोव्हेंबर, बुधवार

उद्या. ही कपाटातले कपडे निवडत बसली होती. समितीने पांढरे घाला म्हणून सांगितलंय. हिने निळे इस्त्री केले. मी विचारलं, स्टेजवर काही बोलणार आहेस का? म्हणाली, “कार्यक्रमात माझं भाषण नाही.” मग माझा कोट मागितला, बाहीवरचा रंग रॉकेलने घासत बसली. पूर्ण गेला नाही, पण फिका झाला.

मी जाणार नव्हतो. बुवांना एकटं कसं सोडायचं, म्हणून जातो.

३० नोव्हेंबर, गुरुवार

रात्र झालीय, पण आजच लिहायला हवं.

तिसरी रांग. पंखा होता, बंद होता. एका बाजूला बुवा, दुसऱ्या बाजूला मुलगी. ही स्टेजवर मंत्र्यांच्या शेजारी, निळ्या कपड्यांत, एवढीशी दिसत होती. रेडिओवाल्यांनी सुरुवात केली. भय हा शब्द, सागराला मिठी, सगळं आलं. मग आवाज आणखी खाली नेऊन: “आणि या वीरपत्नीने उभं आयुष्य एकटीने...”

मी उठायला लागलो. मुलीने बाही धरली. “बाबा, बसा. आईकडे बघा.”

ही उठली होती. पडद्याच्या दोरीकडे जाण्याऐवजी माइककडे आली. रेडिओवाल्यांना वाटलं, हिला रडू आलंय. ते आदराने बाजूला झाले. तीस वर्षं वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज आहे तिचा. माइकची गरज नव्हती.

“मी दोन गोष्टी सांगते,” ही म्हणाली. “पहिली. लोखंडावर रंगाचे थर वाळले की दोन भाग एकमेकांना चिकटतात. माझ्या आठवीच्या मुलांना हे माहीत असायचं. त्या जहाजावर तराफ्यांच्या खिट्ट्या रंगवल्या, पाहणी होती म्हणून. ह्यांनी नको म्हणून सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही. मग त्याच खिट्ट्या हातोड्याने तोडताना ते गेले. त्यांनी सलाम केला नाही. ते घाबरले होते आणि शिव्या देत होते. त्यांनी सोडवलेल्या तराफ्यावरचा एक माणूस तिथे बसलाय.”

बुवा उभे राहिले. लोक वळून बघायला लागले. मंत्री टाळी वाजवायला लागले, आणि कुणीच वाजवत नाही हे पाहून थांबले.

“दुसरी गोष्ट. पुस्तिकेत लिहिलंय, मी उभं आयुष्य एकटीने काढलं. हे खोटं आहे. मी पाच वर्षांनी लग्न केलं, स्वतःच्या मर्जीने. मला एक मुलगी आहे, तुमच्यातल्या निम्म्या लोकांना तिने गाडी शिकवली आहे. माझे यजमान तिसऱ्या रांगेत बसलेत. ते रागावलेले आहेत. ते बऱ्याच वेळा रागावलेले असतात, आणि बऱ्याच वेळा त्यांचं बरोबर असतं.”

लोक हसले. वाईट हसणं नव्हतं ते. मी मात्र मान वर करू शकलो नाही. चारचौघांत नवऱ्याला असं म्हणायचं असतं का? मुलीचा चेहरा ओला झाला होता आणि ती हसतही होती. बुवांनी माझ्या मांडीवर हात ठेवला.

तेवढ्यात अध्यक्षांनी माइक घेतला. वहिनींच्या भावना अनावर झाल्या आहेत, वगैरे. हिने शांतपणे जाऊन दोरी ओढली. पडदा पडला. सलाम करणारा एक देखणा तरुण. सगळे दात सरळ.

१ डिसेंबर, शुक्रवार

वर्तमानपत्र. पान तीन. ‘साश्रू नयनांनी अनावरण. भावनावश वीरपत्नीच्या तोंडून शब्दही फुटेना.’

शब्दही फुटेना! चारशे माणसांनी ऐकलं. आणि खाली पुन्हा तेच, सलाम, मिठी, उभं आयुष्य. मी संपादकांना पत्र लिहायला बसलो. पहिलं इतकं कडक झालं की फाडलं. दुसरं त्याहून कडक झालं. ही मागे येऊन उभी राहिली. मी वाट बघत होतो, आता म्हणेल, अहो, जाऊ द्या.

म्हणाली, “तिसऱ्या ओळीत ‘बेजबाबदार’ लिहिलंय ते मऊ आहे. ‘खोटारडे’ लिहा.”

लिहिलं.

मुलगी सांगत होती, आज तिच्या शाळेत येणारा प्रत्येक जण तराफ्यांबद्दल विचारत होता. धक्क्यावरच्या मुकादमाचा भाऊ तिच्याकडे शिकतो. काल संध्याकाळी त्यांनी सगळ्या लाल कड्या खरवडून मोकळ्या केल्या म्हणे. कुणी सांगितलं नव्हतं. वर्तमानपत्रात त्याबद्दल ओळ नाही.

३ डिसेंबर, रविवार

सकाळी ही म्हणाली, धक्क्यावर जाऊ या. त्या दिवशी गर्दीत नीट बघता आलं नाही. गेलो. रविवार असून कोणी नव्हतं, एक माणूस लांब गळ टाकून बसला होता. तिने पर्स माझ्या हातात दिली आणि पुतळ्याजवळ गेली. मी चार पावलं मागे थांबलो. मला वाटलं, नमस्कार करेल, नाहीतर रडेल. रडली तर काय करायचं, हे मी ठरवून आलो होतो.

ती बोलायला लागली. आवाज खालचा, पण वारा माझ्याकडे होता.

“दोन सोडवलेस ना? मग? तिसरा कशाला? तो ओरडत होता ना खालून, उडी मार म्हणून? मग मारायची होतीस. तुला कोणी बघत नव्हतं. कोणी काही म्हणालं नसतं.”

मग पुन्हा.

“अजून एक आहे म्हणे. मी नव्हते का अजून एक? सांग ना. पन्नास वर्षं हे मी कुणाला बोलले नाही. लोक म्हणाले असते, कसली बाई आहे, देशासाठी गेलेल्या नवऱ्यावर चिडते. चिडलेय मी. ऐकतोयस? खूप चिडलेय.”

हिला इतकं रागावलेलं मी पाहिलं नव्हतं. आमच्या घरात चिडायचं काम माझं. मी समजत होतो, हिला राग येतच नाही, स्वभाव शांत. जाऊ द्या, जाऊ द्या म्हणते, म्हणजे खरंच जाऊ देते.

आणि दुसरं. ती त्याला अरेतुरे करत होती. मला इतकी वर्षं अहो. फोटोसमोरसुद्धा तिच्या तोंडून कधी काही ऐकलं नव्हतं, त्यामुळे मला माहीतच नव्हतं. सव्वा वर्षाचा संसार, आणि ‘तू’. मी समुद्राकडे बघत राहिलो. पर्स जड होती. कुणावर तरी रागवावं असं फार वाटत होतं, आणि समोर रागवण्यासारखं कोणीच नव्हतं. तो पुतळा तर त्याच्यासारखा दिसतही नाही.

बऱ्याच वेळाने हिने चष्मा काढून पुसला. डोळ्याला पुन्हा लावला नाही, हातातच धरला. मागे न वळता म्हणाली,

“चल. ऊन वाढलं.”

मला म्हणाली की त्याला, ते समजलं नाही. विचारावं असंही वाटलं नाही. त्याला काही येता येणार नव्हतं. मी पुढे झालो आणि तिचा हात धरला.